साताऱ्याची हवा

रत्नागिरी,
माघ वद्य तृतीया, शके १८५६

आपल्या पायांशी कमळाचा नमस्कार.

पत्र पावलं. टपालवाल्याने ते वहिनीच्या हातात दिलं, वहिनीने भास्करदादाच्या, आणि दादाने उलटसुलट करून माझ्यापुढे टाकलं. "साताऱ्याचं आहे," म्हणाला. "वाच, नाहीतर चुलीत घाल." मी भाताला आधण ठेवलं होतं. ते आटून भांडं करपलं तरी माझं वाचून होईना. तसं पत्र अर्ध्या पानाचंच आहे. पण सतरा वर्षांनी आलेलं अर्धं पान वाचायला वेळ लागतो.

कुसुमचं लग्न फाल्गुन वद्य सप्तमीला ठरलं हे वाचून फार बरं वाटलं. तिची आई हे पाहायला राहिली नाही. गेल्या वर्षी ती गेल्याचं इकडे कळलं तेव्हा मी समाचाराचं पत्र लिहायला बसले होते, पण सवतीने सवतीचा समाचार कोणत्या शब्दांत घ्यायचा ते मला कुणी शिकवलेलं नाही. कागद फाडून टाकला.

आपण लिहिता की विधुर माणूस कमरेला सुपारी खोचून, तीच पत्नी मानून, मुलीचं कन्यादान करतो. पण थोरली पत्नी हयात असताना तसं करता येणार नाही असं शास्त्रीबोवांनी सांगितलं, तेव्हा मला बोलावणं भाग आहे. 'भाग आहे' हे शब्द आपले. मला त्यांचा राग नाही. कसं का होईना, मी जिवंत आहे हे शास्त्रीबोवांच्या ध्यानात राहिलं.

मी येते. दादा म्हणतो, असं एका हाकेसरशी धावत जाऊ नकोस, माणसाने जरा आढेवेढे घ्यावेत. मला ते कधी जमलेले नाहीत. जमले असते तर सतरा वर्षं हात चोळत बसले नसते.

लग्नघरासाठी दादाच्या वाडीतली सुपारी आणायला सांगितलीत, ती आणते. धाकू उद्यापासून सोलायला बसेल. धाकू म्हणजे वाडीतला गडी. आपण लग्नाला आलात तेव्हा तो पोरगेला होता आणि आपला जोडा सांभाळायला त्याला बसवलं होतं. तोच सोबतीला येणार आहे.

आता एकच विचारायचं आहे. तिकडे फाल्गुनात हवा कशी असते? मी साताऱ्यात होते तेव्हा हवेकडे पाहायला सवड नसे, त्यामुळे आता काही आठवत नाही. पहाटे गार असतं एवढं आठवतं, कारण पाणी भरताना बोटं वळायची नाहीत. दुपारी तापतं का? वळीव लवकर येतो का? आमच्या कोकणात कपड्यांचा विचार करावा लागत नाही. आठ महिने घाम आणि चार महिने पाऊस, दोन्हीला तेच लुगडं. घाटावर तसं नसतं. म्हणून विचारते, किती आणि कसले कपडे आणू, ते कळवावं.

कुसुमला आशीर्वाद. तिला मी कोण म्हणून सांगितलंय ते मला ठाऊक नाही. जे सांगितलं असेल त्या नात्याने.

आपली
कमळा


रत्नागिरी,
माघ वद्य द्वादशी

चरणी नमस्कार.

आपलं कार्ड मिळालं. 'हवा साधारण. विशेष काही लागू नये. सुपारी निवडून आणावी.'

सुपारीचं समजलं. हवेचं समजलं नाही. साधारण हवेला किती लुगडी लागतात?

आपण हसाल, की ही बाई कन्यादानाचं सोडून कपड्यांचं काय घेऊन बसली. पण माझं एकदा फसलेलं आहे. मागे सासूबाईंनी मला इकडे पाठवलं ते हवापालटाला म्हणून. लग्नाला सहा वर्षं झाली होती, कूस उजवत नव्हती, आणि वैद्यांनी सांगितलं होतं म्हणे की समुद्राची हवा मानवेल. आपण स्वतः मला मोटारीत बसवून दिलंत. सोबत दोन लुगडी. मी तिसरं घेत होते तर सासूबाई म्हणाल्या, "पंधरा दिवसांपुरती तर जातेस, सगळं घर कशाला उचलून नेतेस?" खरंच होतं त्यांचं. मी तिसरं परत दांडीवर टाकलं. हिरवं होतं, लाल काठाचं. त्याचं पुढे काय झालं?

हवा मला मानवली असावी, कारण मी अजून जिवंत आहे. पंधरा दिवसांनी आपलं पत्र आलं, आणखी महिनाभर राहावं. मग काही आलं नाही. वर्षाने आपलं दुसरं लग्न झाल्याचं दादाला बाजारात कुणीतरी सांगितलं. तोवर मी ती दोन लुगडी आलटून पालटून नेसून विरवली होती. वहिनी आपली देत होती पण मी घेत नव्हते. मला वाटे, इथलं लुगडं नेसलं म्हणजे मी इथली झाले.

म्हणून विचारते. रागाने विचारत नाही.

काल माझा लग्नातला शालू उन्हात घातला. कन्यादानाला तोच नेसावा असं मनात होतं. पेटीत कडुलिंबाचा पाला बदलत आले, तरी इथल्या खाऱ्या दमट हवेपुढे रेशमाचं काही चालत नाही. वरून पाहिलं तर नवा, आणि उलगडायला गेले तर घडीघडीवर चिरत गेला. मी तो नेसले असते वरचेवर तर टिकला असता. वापरलेलं कापड टिकतं, ठेवलेलं टिकत नाही, हे मला आता कळून उपयोग नाही. वहिनी शेजारी उभी होती. ती आत गेली आणि आपली पैठणी आणून माझ्या मांडीवर ठेवली. वहिनीचं नि माझं रोज दहादा वाजतं, मिठावरून आणि सरपणावरून. ती पैठणी तिने तिच्या स्वतःच्या भावाच्या मुंजीलासुद्धा बाहेर काढली नव्हती.

दादाची कुरकूर चालूच आहे. तो म्हणतो, हवा काय विचारतेस, जे विचारायचं ते सरळ विचार. मी म्हटलं, मला हवाच विचारायची आहे. त्याचा स्वभाव आपल्याला माहीत आहे, तोंडाने तापट आणि आतून लोणी. सध्या त्याचा जीव आंब्याच्या मोहोरावर टांगलाय. जरा मळभ आलं की माडीवर जाऊन आभाळाकडे बघत बसतो. आमच्या घरात सध्या दोघंजण हवेची वाट पाहताहेत.

तरी पहाटेची, दुपारची आणि संध्याकाळची अशी वेगवेगळी हवा कळवावी. वकिलाला तपशील मागायची सवय असते, द्यायचीही असावी.

आपली
कमळा


रत्नागिरी,
फाल्गुन शुद्ध षष्ठी

चरणी नमस्कार.

आपलं पत्र तीन दिवसांपूर्वी आलं. मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. 'पहाटे गारठा असतो. दुपारी ऊन सोसवत नाही. सायंकाळी वारा सुटतो, केव्हा गाराही पडतात. भरवसा नाही. सर्व प्रकारचे कपडे आणावेत.'

सर्व प्रकारचे कपडे आणावेत. आपल्या हातचं आहे, दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतलेलं नाही, हे मी अक्षरावरून पाहिलं.

आणि खाली कुसुमच्या दोन ओळी. 'थोरल्या आईनं नक्की यावं. थंडीची काळजी करू नये, माझ्या आईची शाल आहे, ती मी काढून ठेवली आहे.' आपण तिला लिहायला सांगितलंत की तिचं तिने लिहिलं? तिचं तिनेच लिहिलं असं मी धरून चालते. मला थोरली आई असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. धाकटी आईही म्हटलेलं नाही. दादाची मुलं आत्या म्हणतात आणि गाव गोदाताई म्हणतं. आपण ताटातल्या तांदळांत लिहिलेलं कमळा हे नाव इथं कुणाच्या तोंडी नाही.

मी सामान बांधायला काढलं आहे. दादाने पडवीतली मोठी ट्रंक रिकामी करून दिली. कुरकुरत दिली, पण कुलपाला तेल स्वतः घातलं. खाली धाबळी ठेवली, पहाटेच्या सोवळ्याला. इथं धाबळी कुठून मिळणार? बाजारात कोल्हापूरचा एक कापडवाला बसतो, त्याच्याकडून मागवून घेतली. इतकी चावते अंगाला, पण ऊब आहे. तिच्यावर सहा लुगडी सुती, दुपारच्या उन्हाला. वहिनीची पैठणी. एक जाड पासोडी. एक छत्री. वहिनी म्हणाली, "फाल्गुनात छत्री? सातारकर वेड्यात काढतील." मी म्हटलं, पाऊस काय, ज्येष्ठात येईलच की. मग तिनेच छत्री मूठ पुसून आत ठेवली.

काशी, धाकूची बायको, सुपाऱ्या सोलत बसली होती. म्हणाली, "ताय, यवडी कापडा कशाला वो? घाटावर कापडा मिलत नाय काय?" मी म्हटलं, "सर्व प्रकारचे आणा म्हणून पत्र आहे." ती हसली. "मंग जावा. मंग पुन्यांदा नका येव इकडं." तिने ते आशीर्वादासारखं म्हटलं, आपण गैर समजू नये.

धाकू मात्र कुरकुरत होता. शिमग्याची पालखी दारात यायची आणि आपण घाटावर असायचं, हे कुणब्याच्या मनाला पटत नाही. काशीनेच त्याला सुनावलं, "पालकी पुढल्या साली येल. ताय सासरला परत परत जातंय काय?"

माझी खोली मी वहिनीला देऊन टाकली. खोली म्हणजे काय, माजघरामागचा कोनाडा, पण सतरा वर्षं माझा होता. मीच म्हटलं की यंदाच्या सुपाऱ्या तिथं ठेवा, पडवीत ओल लागते. कालच पोती लागली. मी आता ओटीवरल्या खोलीत निजते, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. माझी तुळस काशीने नेली. शिवणाची पेटी शेजारच्या मालिनीला दिली, तिला फार दिवस हवी होती. देताना मला जरा वाईट वाटलं, पण तिथे कुसुमच्या आईची असेलच.

हे सगळं मी आपल्याला का लिहिते आहे? कुणाला तरी सांगावंसं वाटतं. दादाला सांगितलं तर तो म्हणतो, "गोदे, पत्रात राहा असं कुठं लिहिलंय ते मला बोट ठेवून दाखव." त्याला माणसांची पत्रं वाचता येत नाहीत. दोन दिवसांचं कार्य असतं तर सर्व प्रकारचे कपडे कुणी सांगेल का?

ट्रंक जड झाली आहे. सातारा रोडच्या स्टेशनावर एखादा टांगा अगोदर सांगून ठेवावा. धाकू बरोबर आहे, पण त्याच्या डोक्यावर सुपारीचं पोतं असेल.

आपली
कमळा


रत्नागिरी,
फाल्गुन शुद्ध त्रयोदशी

चरणी नमस्कार.

आपलं पत्र आज दुपारी मिळालं. उलट टपाली लिहिते आहे, म्हणजे कार्याच्या आत पोचेल.

'इतके सामान कशास? कार्य अष्टमीस आटोपेल व नवमीस भास्कररावांचा गडी आपल्यास परत नेईल असे आम्ही धरून आहो. घर पाहुण्यांनी भरलेले आहे. येसूबाईंस ट्रंकेचे वर्तमान ऐकून काळजी वाटते.'

येसूबाई म्हणजे कुसुमच्या आजी ना, कुसुमच्या आईच्या आई? मुलगी गेल्यापासून त्याच आपलं घर चालवतात हे मी ऐकून आहे. त्यांना माझा नमस्कार सांगावा आणि काळजी करू नका म्हणावं. माझ्याच समजण्यात घोटाळा झाला. आम्हा कोकणातल्या माणसांना घाटावरच्या हवेचा अंदाज नसतो, म्हणून जरा जास्त भरलं गेलं. दुसरं काही नाही.

ट्रंक मी रिकामी केली. एक वळकटी आणि एक बोचकं, एवढंच आणते. छत्री काढली. पासोडी काढली. लुगडी दोन ठेवली. एक नेसायचं, एक वाळायचं. तिकडची हवा कोरडी, लगेच वाळतं.

निजायला खोली लागत नाही. पाहुण्यांच्या गर्दीत मी कुठं आहे हे येसूबाईंना कळणारही नाही. मी पहाटे लवकर उठते, निवडण-टिपण करीन, भांड्यांना बाई मिळत नसेल तर तेही करीन. लग्नघरात हात कधी पुरत नाहीत. आणि लग्न झाल्यावर मुलगी सासरी जाते तेव्हा घर किती सुनं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवसांत आपल्याला ताक कोण करून देईल, सकाळचं गंध कोण उगाळील, असं माझ्या मनात आलं. येसूबाईंचं वय झालं. मी मालकीण म्हणून राहते असं मी कधी म्हटलं नाही. म्हटलंय का? माझी मागची पत्रं काढून पाहावीत.

आणि जर हेही जास्त होत असेल तर नवमीला येते परत. धाकूबरोबर. त्यात काय. मला फक्त एकदा अंतरपाटाच्या अलीकडे उभं राहून कुसुमला पाहायचं आहे, आणि कन्यादानाचं पाणी सोडताना आपल्या हाताला हात लावायचा आहे. शास्त्राने तेवढा हक्क मला ठेवलाय असं आपणच लिहिलं होतंत.

दादाला मी आपलं पत्र दाखवलेलं नाही. त्याला म्हटलं, टांगा सांगून ठेवलाय. त्याने विचारलं, "ट्रंक का रिकामी केलीस?" मी म्हटलं, "हवा सुधारली आहे तिकडची." तो जाऊन ट्रंकेवर बसला आणि तपकीर ओढत राहिला. संध्याकाळी वहिनीने कोनाड्यातली पोती हलवायची का म्हणून विचारलं. तिने चांगल्या मनानेच विचारलं. मी तिच्यावर ओरडले.

वद्य तृतीयेला निघते. थंडीचं काही घेतलेलं नाही. कुसुमने शाल काढून ठेवली आहे ना.

आपली
कमळा


रत्नागिरी,
फाल्गुन वद्य द्वितीया

नमस्कार.

तार काल आली. दादा घरी नव्हता, तारवाल्याने माझ्याच हातात दिली. इंग्रजी होती म्हणून शेजारच्या भाटे मास्तरांकडून वाचून घेतली. मास्तरांनी ती दोनदा वाचली, मग चष्मा पुसला आणि सावकाश मराठीत सांगितली. साताऱ्याकडे हवा फार बिघडली आहे, गारांचा पाऊस झाला आहे, अशात बाईमाणसाने प्रवास करू नये. पत्नी दूरदेशी असून येऊ शकत नसेल तर सुपारी चालते, असा आधार शास्त्रीबोवांना सापडला आहे. तेव्हा येण्याची तसदी घेऊ नये. सुपारी गड्याबरोबर लगेच पाठवावी.

एवढी लांब तार. शब्दागणिक पैसे पडले असतील. मी तरी यापेक्षा स्वस्तात आले असते.

आज सकाळी कोल्हापूरहून मोटार आली. मी स्टँडवर गेले नव्हते, दादा गेला होता. त्याने ड्रायव्हरला विचारलं, घाट कसा आहे? ड्रायव्हर म्हणाला, काय झालंय घाटाला? साताऱ्याकडची दोन माणसं उतरली, त्यांच्या अंगावर साधे सदरे होते आणि कपाळाला घाम होता. दादाने घरी येऊन हे मला सांगितलं आणि मग भिंतीकडे तोंड करून बसला. तो रडत असावा. मला त्याच्याजवळ जायचं धैर्य झालं नाही. मी सुपाऱ्या निवडायला बसले.

मागे तो मला म्हणाला होता, "तू सरळ विचारत नाहीस तर मी विचारतो, किती दिवस ठेवणार म्हणून." मी त्याला म्हटलं, "दादा, तू विचारलंस तर उत्तर येईल." म्हणून मी हवेचं विचारत राहिले. हवेच्या उत्तरात माणसाला जागा असते, थोडी सरकून बसायला. आता विचारायचं काही राहिलं नाही तेव्हा लिहून टाकते. मला तुमच्या घरी राहायचं होतं. नवमीपर्यंत नव्हे. मरेपर्यंत राहायचं होतं. तुम्ही मला टाकलंत तरी मला तुमचा रागच येत नाही, याचाच मला आता राग येतो. काय करावं याचं मला काही सुचत नाही. दादा म्हणतो, वकिलाची नोटीस दे. वकिलाला वकिलाची नोटीस देऊन काय होणार, आणि कोर्टाने सांगितलं म्हणून कुणी कुणाला पाटावर शेजारी बसवून घेतं का?

हे पत्र घेऊन धाकू येतो आहे. आज पालखी आमच्या दारात नाचून गेली, त्याचं मन भरलं, तो उद्या पहाटे निघेल. त्याच्याकडे एक पोतं आणि एक बोचकं आहे. पोत्यातली सुपारी पाहुण्यांच्या पानाला, निवडून, किडकी काढून दिली आहे. कमी पडणार नाही. कुसुमसाठी वहिनीने दिलेली पैठणी आहे. ती मी नेसणार होते, आता तिने नेसावी. वहिनीला विचारलं आहे. ती म्हणाली, "दे. आणि मला पुन्हा विचारू नकोस."

धाकूजवळ थंडीचं काही नव्हतं. हा माणूस घाट चढून कधी वर गेलेला नाही, पंचा आणि बंडी घालूनच निघणार होता. मी त्याला पासोडी दिली, छत्री दिली आणि धाबळीही अंगावर टाकायला दिली. तो म्हणाला, "ताय, सोवळ्याची हाय ही, मी कशी घेव?" मी म्हटलं, "घे. पहाटे गारठा असतो, दुपारी ऊन सोसवत नाही, सायंकाळी वारा सुटतो. भरवसा नाही." तोंडपाठ होतं. तो आपल्या घरी जाईपर्यंत मी हसत होते. तेव्हा माझे कपडे साताऱ्याला येताहेत, सर्व प्रकारचे. गड्याच्या अंगावर पाहून येसूबाईंनी घाबरू नये, त्यांच्यात मी नाही.

आता मुख्य. बोचक्यात वर एक लहान पुरचुंडी आहे, ती आपण स्वतः सोडावी. तिच्यात एकच सुपारी आहे, आपल्या कमरेला लावायची. ती मी निवडली आहे. निवडायला सकाळ गेली. कीड नाही, चीर नाही, डोळा शाबूत आहे, आणि बुडाला सपाट आहे. बसवली की बसते, लवंडत नाही. दुसऱ्या कुणाला हे काम मी कसं सांगणार? माझ्या जागी कोण बसणार ते मीच ठरवायला हवं होतं. ती मी धुतली, हळदकुंकू वाहिलं आणि माझ्या शालूचा पदराकडचा एक तुकडा अजून धड होता, तो फाडून तिला गुंडाळला. कार्याला रेशीमच लागतं.

पीतांबराच्या निरीत खोचाल तेव्हा घट्ट खोचावी. पाणी सोडताना वाकावं लागतं, पडेल.

कार्य झाल्यावर ती पानदानात पडू देऊ नये. दिसायला इतरांसारखीच आहे, गडबडीत कुणी अडकित्त्याखाली धरील. घरातच कुठं तरी ठेवावी. देव्हाऱ्यात जागा नसेल तर तांदळाच्या डब्यात, तिथेही नसेल तर फळीवर, मागच्या बाजूला. तिला खोली लागत नाही. पहाटेचा गारठा आणि दुपारचं ऊन दोन्ही तिला सोसेल, आणि अंगावर आहे तेवढंच कापड तिला जन्मभर पुरेल. येसूबाईंना काही अडचण होऊ नये.

एवढं करावं, की तिला हवापालटाला म्हणून कुठं पाठवू नये.

कमळा